सातासमुद्रापलीकडचं शिक्षण आणि पैसा देणारे हात



एखाद्याचं मूल परदेशात शिकायला निघालं, की पूर्वी लोक विचारायचे, "कुठे?" आता आधी विचारतात, "कसं जमवलंत?" सोलापुरात आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांतली मुलं जर्मनीला, इंग्लंडला, अमेरिकेला गेली आहेत. कोणी राहतं घर तारण ठेवलं, कोणी शेताचा तुकडा विकला, कोणी दुकानातलं भांडवल काढलं, आणि कोणाच्या आईने कपाटातल्या डब्या उघडल्या. मुलाच्या वेळी हे सगळं झटकन ठरतं. मुलीच्या वेळी तेवढीच रक्कम समोर आली, की घरातलं कोणीतरी हळूच म्हणतं, "एवढ्यात तर तिचं लग्न उरकेल."

हा प्रश्न आपल्या पिढीचाच आहे असं वाटतं, पण तो चांगला एकशेचाळीस वर्षांचा आहे. आनंदीबाई जोशींपासून ज्या ज्या बायका शिकायला समुद्र ओलांडून गेल्या, त्यांचं धाडस आपण शाळेत वाचलं. त्यांचा खर्च कोणी दिला, हे मात्र कोणी फारसं सांगत नाही. मी गेले काही महिने त्यांची चरित्रं वाचताना मुद्दाम तेवढंच शोधत होते. शोधता शोधता एक गोष्ट लक्षात आली. पैसा कधी नुसता येत नाही. त्याच्या पाठोपाठ अट येते. कधी ती कागदावर असते, कधी देणाऱ्याच्या नजरेत. मुलगी पुढे किती मोकळेपणाने शिकली, हे रकमेइतकंच त्या अटीवरही ठरलं.

दानाचे चार प्रकार आपण पाठशाळेत पाठ केलेले असतात. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात ते आहार, औषध, उपकरण आणि आवास असे येतात. मूळ अर्थ त्यागी-व्रतींच्या वैयावृत्त्याचा, हे खरं. पण परदेशी शिकणाऱ्या मुलीचा खर्च कागदावर मांडून बघा. जेवण, आजारपणाचा विमा, पुस्तकं आणि लॅपटॉप, राहायची खोली. विद्यापीठाची फी सोडली तर हेच चार रकाने उरतात. म्हणून या गोष्टी वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की हा विषय आपल्याला परका नाही.

आनंदीबाई: अट नाकारली, मग घर मिळालं

आनंदीबाईंचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. बायकोला अमेरिकेत शिकवावं म्हणून त्यांनी मदत मागितली ती मिशनऱ्यांकडे. कोल्हापुरात काम केलेले वाइल्डर नावाचे पाद्री तेव्हा अमेरिकेत एक मासिक चालवत. त्यांच्या उत्तराचा सूर असा होता, की धर्म बदलणार असाल तर बघू. जोशी पतिपत्नीने ते मान्य केलं नाही. गोष्ट तिथेच संपायची. पण ती पत्रं १८८० मध्ये मासिकात छापली गेली आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंच्या हाती पडली. दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येईपर्यंत त्या ते मासिक चाळत बसल्या होत्या. त्यांनी आनंदीबाईंना पत्र घातलं. पुढे तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा त्यांना नुकतंच अठरावं वर्ष संपलं होतं. जून महिन्यात त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि कार्पेंटर मावशींच्या घरी राहिल्या. फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली. म्हणजे उपकरणदान महाविद्यालयाकडून आलं आणि आवासदान एका अनोळखी कुटुंबाकडून. निघण्यापूर्वी सेरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी जाहीर सांगितलं होतं, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तो शब्द त्यांनी पाळला. त्या थंडीतही शाकाहार सोडला नाही. आपल्यातल्या ज्या आया मुलीला पहिल्यांदा बाहेर पाठवताना "खाईल काय?" म्हणून रात्र रात्र जागतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री विभागासाठी त्यांची नेमणूकही केली. पण क्षयाने गाठलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय बावीससुद्धा पुरं नव्हतं. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी ठेवल्या आहेत. आवासदान कुठवर जाऊ शकतं, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही. आणि चार दानांपैकी औषध कमी पडलं तर बाकीच्या तिन्हींचं काय होतं, तेही याच गोष्टीत दिसतं.

पंडिता रमाबाई: तिकीट स्वतःच्या पुस्तकाचं

आनंदीबाई गेल्या त्याच महिन्यात मुंबईहून आणखी एक बाई निघाल्या, पंडिता रमाबाई. त्या विधवा होत्या, पदरात लहानगी मनोरमा होती. त्यांनी बोटीचं भाडं कोणाकडे मागितलं नाही. १८८२ मध्ये 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून प्रवासाचा खर्च काढला. मराठी बाईने लेखणीच्या कमाईवर परदेशी शिकायला जाण्याचं इतकं जुनं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

पण तिकीट संपलं की मुक्काम सुरू होतो. इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आसरा दिला. वैद्यकी शिकायची होती, पण ऐकू कमी येत असल्याने ते जमलं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. पण त्यानंतर त्यांनी काय मानावं, कोणाला शिकवावं, मनोरमाला कसं वाढवावं, यावर त्या भगिनींशी त्यांचे वर्षानुवर्षं खटके उडाले. ती पत्रं उपलब्ध आहेत. वाचताना कळतं, की दोन्ही बाजूंना एकमेकींविषयी माया होती. तरीही छप्पर देणाऱ्याला वाटत होतं की सांगायचा हक्क आपला, आणि छपराखाली राहणारी म्हणत होती की डोकं माझं. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकवलं आणि त्याच्या बदल्यात स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी शिकल्या. फुकट घेण्यापेक्षा शिकवून शिकणं त्यांना जास्त मानवलं.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा त्या समारंभाला रमाबाई फिलाडेल्फियात हजर होत्या. एक दुसऱ्यांच्या आधाराने पोचलेली, दुसरी स्वतःच्या कमाईने निघालेली. कोणाचा मार्ग मोठा हे ठरवायचं कारण नाही. पण दोघींच्या पैशाचा रंग वेगळा होता, आणि त्यांच्या वाट्याला आलेल्या अडचणींचाही.

तिसऱ्या रखमाबाई. बालपणी लागलेलं लग्न मान्य नाही म्हणून त्या न्यायालयात उभ्या राहिल्या, तुरुंगात जायची तयारी दाखवली, आणि १८८९ मध्ये लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या. त्यांच्या मागे मुंबईच्या डॉक्टर एडिथ पीची आणि इंग्लंड-हिंदुस्थानातल्या हितचिंतकांची वर्गणी होती. १८९४ मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या आणि सुरत, राजकोट इथे आयुष्यभर बायकांवर उपचार केले. वर्गणीचा एक गुण असा, की देणारे पुष्कळ असले की कोणा एकाचा धाक राहत नाही.

तेव्हा आपल्या समाजात काय चाललं होतं?

हे सगळं घडत होतं तेव्हा आपले लोक कुठे होते, हा प्रश्न साहजिक आहे. दान कमी पडत नव्हतं. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्यासाठी आणि तिथल्या ग्रंथालयासाठी पैसा दिला तो प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याने, आणि टॉवरला नाव दिलं आपल्या आईचं. त्या राजाबाई सूर्यास्तापूर्वी जेवत, दिसत कमी असल्याने घड्याळाच्या ठोक्यांवर त्यांना वेळ कळे, अशी आख्यायिका सांगतात. आपल्या चौविहाराशी जोडलेलं घड्याळ विद्यापीठाच्या अंगणात उभं आहे, ही कल्पना मला फार आवडते.

समुद्र ओलांडण्याला मात्र विरोध होता. १८९३ मध्ये वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्मावर बोलले. तिकडे त्यांचं कौतुक झालं, आणि परत आल्यावर आपल्याच काही लोकांनी समुद्रपर्यटनाचं प्रायश्चित्त मागितलं. याच वीरचंदजींनी शिकागोत हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या शिक्षणासाठी एक संस्था उभी केली होती. प्रायश्चित्ताची गोष्ट पर्युषणात सांगितली जाते, या संस्थेची क्वचितच.

आपल्या सोलापुरात शेठ हिराचंद नेमचंद दोशी १८८०च्या दशकात 'जैन बोधक' काढत होते, म्हणजे आनंदीबाईंच्याच काळात. मुंबईत दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरींनी जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली आणि तिनेही वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्यांचं काम हाती घेतलं. आपल्या समाजाने शिक्षणासाठी पहिल्यांदा काय दिलं, ते बघा. आवास आणि आहार दिला. खेड्यातल्या मुलाला शहरात शुद्ध जेवण आणि निजायला जागा मिळाली, की बाकीचं तो बघून घेत असे. पुढे मगनबाईंनी मुंबईत आणि पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहांनी आपल्या सोलापुरात श्राविकाश्रमाच्या कामातून हेच मुलींसाठी, विधवांसाठी केलं.

समुद्राचं म्हणाल, तर वीरचंदजींना प्रायश्चित्त मागितल्याला तीस वर्षंही झाली नव्हती, तोच ५ एप्रिल १९१९ रोजी सिंधिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. त्या कंपनीमागे होते हिराचंद शेठजींचे चिरंजीव, सोलापुरात जन्मलेले वालचंद. पाप म्हणून जो समुद्र ओलांडायचा नव्हता, त्यावर आपल्याच गावच्या माणसाने हिंदुस्थानी बोट घातली. समाजाची मतं बदलतात. मुलींच्या बाबतीत त्यांना जरा जास्त वेळ लागतो, एवढंच.

राजाची शिष्यवृत्ती आणि मित्राची उसनवारी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. करारात लिहिलेलं होतं, की शिक्षणानंतर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. करार पाळायला ते बडोद्याला गेले, तर जातीमुळे राहायला जागा मिळेना. ज्या संस्थानाने न्यूयॉर्कचा खर्च दिला, त्याच गावात एक खोली मिळू नये! आवास नसेल तर बाकी सगळं दान कसं वाया जातं, हे यातून कळतं.

मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. या वेळी पैसा तीन ठिकाणचा होता आणि नोकरीची अट कोणाचीच नव्हती. १९२३ मध्ये ते डी.एस्सी. झाले. या हिशेबात एक नाव मांडायचं राहून जातं, ते रमाबाई आंबेडकरांचं. तिकडे ते एका वेळच्या जेवणावर अभ्यास करत होते, इकडे त्या मुंबईत पोराबाळांसह चणचणीत दिवस काढत होत्या. परदेशी शिक्षणाचा एक हप्ता नेहमी घरी राहिलेली बाई भरते, आणि त्याची पावती कोणी देत नाही.

आता इरावती कर्व्यांची गोष्ट. त्यांचे पती दिनकर कर्वे जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले. इरावतींनीही तिकडे जाऊन पीएच.डी. करावी ही त्यांची इच्छा. विरोध कोणाचा असेल? सासऱ्यांचा, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचा, ज्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं! स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य दिलेल्या माणसालाही आपल्या सुनेने तेवढ्यासाठी परदेशी जावं असं वाटलं नाही. मला यात महर्षींना कमी लेखायचं नाही. पण समाजातल्या मुलींसाठी एक मत आणि घरातल्या मुलीसाठी दुसरं, हे किती थोरामोठ्यांच्या घरात होऊ शकतं ते बघा.

इरावतीबाईंना पैसा दिला डॉ. जीवराज मेहतांनी, कर्जाऊ. ते स्वतः टाटांच्या मदतीवर लंडनला शिकलेले होते. इरावतीबाई १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. गोऱ्यांच्या कवट्या वेगळ्या ठरतात का, हे इरावतीबाईंनी मोजून पाहिलं. फरक निघाला नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. परक्या देशात, कर्ज डोक्यावर असताना, गुरूला न आवडणारं खरं लिहायला काय लागत असेल! मला वाटतं, पैसा त्या गुरूचा नव्हता, आणि नाराज झालेल्या सासरचाही नव्हता, याचा त्यात थोडा तरी वाटा असावा. परत करायचं कर्ज हे पुष्कळदा उपकारापेक्षा हलकं असतं. ते फिटतं.

फिरत राहणारा पैसा

जमशेदजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी काढला, तेव्हा त्यांनी हेच ओळखलं होतं. त्यांनी भिक्षा दिली नाही, कर्जरूपाने शिष्यवृत्ती दिली. शिकून आलेल्याने रक्कम परत करायची, की त्यातून पुढचा जाणार. या निधीतून पहिल्यांदा निवडल्या गेलेल्या दोघीही डॉक्टर बायका होत्या: फ्रेनी कामा आणि आपल्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. म्हणजे एकशेतीस वर्षांपूर्वी एका उद्योगपतीने पहिला पैसा मुलींवर लावला. तो निधी अजून चालू आहे.

कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३७ मध्ये केंब्रिजला गेल्या त्या दोन शिष्यवृत्त्यांवर. त्यातली एक सर मंगळदास नथुभाईंच्या नावाची. या गृहस्थांनी पदवीधरांना परदेशी पाठवण्यासाठी मुंबई विद्यापीठाला पैसे दिले ते १८६०च्या दशकात. तेव्हा त्या विद्यापीठात मुलगी शिकत नव्हती. पाऊणशे वर्षांनी त्या दानाचं फळ एका मराठी मुलीला मिळालं आणि १९३९ मध्ये ती केंब्रिजची पीएच.डी. झाली. दान देताना घेणाऱ्याचं तोंड दिसलंच पाहिजे, असं नाही.

आणि आपल्याच समाजातल्या लक्ष्मीबाई पाटील. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र जेवत. धान्य संपलं की लक्ष्मीबाई एकेक दागिना देत गेल्या. शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या सोवळ्यात वाढलेल्या जैन घरातल्या बाई, आणि दागिने गेले ते परक्यांच्या, बहुजनांच्या पोरांच्या भाकरीसाठी. रयतच्या त्या मुशीतून तयार झालेले पी. जी. पाटील पुढे इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही. लक्ष्मीबाई हे बघायला नव्हत्या, १९३० मध्येच त्या गेल्या. परदेशी शिक्षणाचा पहिला हप्ता कधी कधी साताऱ्याच्या स्वयंपाकघरात भरला जातो, तो असा.

आजचा हिशेब

आज राजे नाहीत, बँका आहेत. साधारण नियम असा, की साडेसात लाखांच्या वरचं शैक्षणिक कर्ज हवं तर सरकारी बँका तारण मागतात. म्हणजे घर, जमीन किंवा ठेव. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही. पण वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो मुलीच्या नावाने आधी बँकेत अडकवून दाखवावे लागतात, आणि तिकडे ते महिन्याला ९९२ युरो असे मिळतात. आहार आणि आवास, पुन्हा तेच! इंग्लंडमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही. तेव्हा "तिकडे जाऊन कमावेल आणि फी भरेल" हा हिशेब कागदावरच सोपा असतो.

२०१४ मध्ये जैनांना अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यावर 'पढो परदेश' योजनेत आपल्या मुलांनाही परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजाची सवलत मिळू लागली. त्यात मुलींसाठी ३५ टक्के जागा राखीव होत्या. २०२२-२३ पासून ती योजना बंद झाली. सरकारची दारं अशी उघडतात आणि मिटतात. म्हणून समाजाचं दार उघडं हवं.

ज्या घरात आत्ता हा निर्णय व्हायचा आहे, तिथल्या आईने मला वाटतं चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात.

पहिली, पैसा कोणाचा आणि अट काय. मामाने दिले, काकांनी दिले, तर ते भेट की उसने, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. "नंतर बघू" म्हणून घेतलेला पैसा लग्नाच्या बैठकीत बोलायला लागतो.

दुसरी, कर्ज मुलीच्या नावावर असेल तर स्थळ बघताना ते आधी सांगा. लपवू नका, आणि कमीपणाही घेऊ नका. ती ते फेडणार आहे.

तिसरी, दागिने. आईच्या अंगावरचं स्त्रीधन आईचं असतं. १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे, आणि त्याप्रमाणे बाईच्या मालमत्तेवर तिचाच पूर्ण हक्क आहे. २००५च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला. तेव्हा मुलीच्या शिक्षणाला लावलेला पैसा हा तिच्यावर केलेला उपकार नाही. तिचाच वाटा तिला आधी मिळाला, असं समजा.

चौथी, औषध. विमा, दातांचा खर्च, थंडीचे कपडे, महिनाभर पुरेल एवढी वेगळी रक्कम. आनंदीबाईंच्या गोष्टीनंतर यावर काटकसर करू नये.

आणि एक गोष्ट आपल्या सगळ्यांसाठी. विधानाला, पंचकल्याणकाला आपल्या मंदिरात बोल्या लागतात, आणि आपण त्या हौसेने घेतो. घ्याव्यातच. पण वर्षातली एक बोली, उत्तम त्यागाच्या दिवसाची म्हणा, विद्यानिधीला द्यायची असं एखाद्या मंडळाने ठरवलं, तर? बिनव्याजी द्यावी, लेखी द्यावी, नोकरी लागल्यावर परत घ्यावी आणि पुढच्या मुलीला द्यावी. अट एकच ठेवावी, की फेडताना तिने आणखी एका मुलीसाठी जमेल तेवढी भर घालावी. कुठे शिकायचं, कोणाशी लग्न करायचं, परत यायचं की नाही, हे निधीने विचारू नये. सोलापूरच्या ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशींनी आपली जवळजवळ सगळी मिळकत शास्त्रप्रकाशनाला वाहिली, आणि त्यांच्या ग्रंथमालेची पुस्तकं आजही देशोदेशीचे अभ्यासक वाचतात. ते ग्रंथ वाचणारी, त्यांवर काम करणारी मुलगीही आपल्यातून जावी. तिच्या खोलीचं भाडं आपण दिलेलं असावं.

तुमच्या मंडळात असा निधी असेल तर तो कसा चालतो, परतफेड कशी घेता, हे मला जरूर कळवा. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्यायचा आहे, तेव्हा तुमचा अनुभव उपयोगी पडेल.

जय जिनेंद्र.